भरितावरचं तेल

थेंब नळीच्या टोकाशी आला की आधी लांबट होतो, मग भरतो, आणि सुटण्याच्या अगदी आधी त्याला मान येते. केसाएवढी बारीक, पाण्याची मान. सुनंदा ती मान तुटण्याची वाट पाहत होती. खाली चंबूत गरम स्पिरिटमध्ये घुसळलेलं शेंगदाण्याचं तेल होतं, या हंगामाचं पहिलं. वर काचेच्या नळीत मोजून केलेलं क्षाराचं पाणी. थेंब पडला. पडला तिथून गुलाबी रंगाचा एक धागा उठला, तिने मनगट फिरवलं, धागा विरून गेला. तेलात आंबटपणा जितका अधिक तितके थेंब अधिक लागतात. रंग येतो आणि जातो, येतो आणि जातो, आणि मग एका थेंबानंतर जात नाही. त्या थेंबात वेगळं काही नसतं. आधीच्या थेंबांएवढाच तो असतो, त्यांच्यासारखाच मान काढून पडलेला. पुण्याला कॉलेजात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती मोठ्याने हसली होती आणि शेजारच्या टेबलावरची मुलं तिच्याकडे बघत राहिली होती. आज रंग इतक्या लवकर टिकला की तिला स्वतःचाच संशय आला. तिने चंबू धुतला, पुन्हा तेल घेतलं, पुन्हा सगळं केलं. आकडा तोच. पूर्वेच्या खिडकीतून येणाऱ्या मार्गशीर्षातल्या उन्हात तिने चंबू धरला. फिकट, अगदी फिकट गुलाबी, तान्ह्या बाळाच्या नखासारखा. इतकं चांगलं तेल या गिरणीत ती आल्यापासून निघालं नव्हतं. तिला एकदम गाणं म्हणावंसं वाटलं. गाणं येत नव्हतं, म्हणून तिने चंबू आणखी एकदा फिरवला.

"बाई, गाड्या जुपल्या," दारातून झुंबरबाई म्हणाली. झुंबरबाई दाणे निवडणाऱ्या बायांची मुकादम. उंबरठ्याच्या आत ती कधी येत नसे, आपला धक्का लागून काच फुटेल म्हणून. बाहेरूनच वाकून बोलायची. "चला लवकर, नाहीतर वांगी आपल्याबिगर भाजतीन." मग तिने आवाज उतरवला. "आन् बाई, पगाराचं आज निघनच ना काही? तुम्ही एवढं बोलून राह्यल्या नानाशी आमच्यासाठी. बाया रोज नाव घेता तुमचं."

"माझं?"

"मंग! दर बाजारच्या दिवशी आत जाता, केळीचा फणा घेऊन बाहेर येता. आम्ही म्हनतो, चालू हाये बोलनं." आणि पदर खोचत ती गाड्यांकडे गेली.

तराजूच्या रिकाम्या पारड्याला वारा लागावा तसं काहीतरी सुनंदाच्या आत हललं आणि स्थिर होईना. पोळ्यापासून गिरणीत कोणाचा पगार झाला नव्हता. घाणीवरच्या माणसांचा नाही, निवडणाऱ्या बायांचा नाही, तिचाही नाही. मालक जीवरामनाना वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं. पण नाना दिसले की माणसाला बरं वाटायचं, हीच अडचण होती. दर शनिवारी, बाजारच्या दिवशी, ती मनात वाक्य तयार करून त्यांच्या बैठकीत जायची. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागेवर असायचं. "या, या, काय म्हणतं आमचं सायन्स?" नाना लोडावरून अर्धे उठायचे. "बसा बाई. धुळ्याला वडलांचा खोकला कसा आहे? अडुळशाचा काढा देता का? देत जा." मग चहा यायचा. मग नाना आपण होऊनच सांगायचे की मुंबईत पैसे अडकलेत, नवीन यंत्राचा हप्ता गेला, भाव पडलेत, पण माल उठला की बघा. आणि हे ते अशा विश्वासाने सांगायचे, घरच्या माणसाला अडचण सांगावी तसं, की तिला त्यांचीच कीव यायची. तिचं वाक्य गार होत जायचं, चहासारखं. उठताना नाना म्हणायचे, "नशिराबादच्या मळ्यातली केळी आलीत, रिकाम्या हाताने जायचं नाही." आणि ती अंगणातून फणा धरून निघायची. शेडमधून बाया मान वर करून पाहायच्या. त्या काय पाहत होत्या ते तिला आज कळलं.

पिंप्राळ्याला ज्यांच्या घरी ती खोली घेऊन राहत होती त्या अक्कांनी आधी शिकरण केलं, मग केळ्यांची भाजी, मग केळ्यांचे वडे. शेवटी खुंटीला लटकलेल्या फण्यांकडे बघून त्या म्हणाल्या, "तुझ्या नानांना सांग, मी भाडं केळ्यात घेत नाही." सुनंदाला तेव्हाही हसू आलं होतं. काय करायला हवं हे तिला केव्हाचं माहीत होतं. वाचनालयातल्या वर्तमानपत्रात तिने नव्या कायद्याबद्दल वाचलं होतं, दोनदा, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन: महिना संपला की ठरल्या मुदतीत मालकाने पगार दिलाच पाहिजे, नाहीतर सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि पुष्कळ माणसं मिळून एकच अर्ज करू शकतात. काम थांबवता येतं. सोडून धुळ्याला जाऊन मुलींच्या शाळेत शिकवता येतं. मार्ग एकाहून अधिक होते. अडत होतं ते तोंडाशी. आणि त्याच्याही मागे, जरा अंधारात, आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे ही खिडकी. पूर्वी इथे बैलांचं सामान ठेवत. नानांनीच ही खोली धुऊन घेतली, टेबल करवून घेतलं, मुंबईहून पेंढ्यात बांधून काच मागवली. पुण्याहून ती परत आली तेव्हा बाईला प्रयोगशाळेत कोणी उभं करत नव्हतं, आणि नाना येईल त्या व्यापाऱ्याला दारात आणून सांगायचे, "बघा, आमच्याकडे सायन्सवाली बाई आहे," जत्रेतून आणलेला पोपट दाखवावा तसं, पण खऱ्या अभिमानाने. बोलली तर हे टेबल जाईल, ही नळी जाईल, आणि पुन्हा असं टेबल आपल्याला या जन्मी मिळायचं नाही, हे तिला दिसत होतं. म्हणून दर शनिवारी ती केळी घेत राहिली.

तिने चंबू पुन्हा उन्हात धरला. रंग तसाच होता. आणि एकाएकी, तेलाचा आकडा वहीत मांडता मांडता, तिला एक इतकी साधी गोष्ट दिसली की तिचा टाक थांबला. तेल आंबट कशाने होतं? ओल्या, किडक्या, बुरशी धरलेल्या दाण्यांनी. ते दाणे कोण वेचून टाकतं? शेडमध्ये उकिडव्या बसलेल्या बाया, सुपातून, एकेक करून. म्हणजे तीन वर्षं ती या नळीने तेल मोजतेय असं समजत होती, आणि मोजत होती झुंबरबाईची बोटं, तिच्या शेजारी सूप घेऊन बसणाऱ्या सिताराची बोटं. पगार बंद झाल्यावर त्या बोटांनी कमी वेचायला हवं होतं. त्यांनी जास्त वेचलं होतं. का? बोलणं चालू आहे असं त्यांना वाटत होतं म्हणून. चांगलं काम केलं की आपल्या बाईला बोलायला बळ येईल म्हणून. सुनंदाला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्या लाजेच्या खालून, झऱ्यासारखं, काहीतरी आनंदाचं वर येत होतं आणि ते तिला दाबता येत नव्हतं. कोणीतरी आपल्यावर इतका भरवसा टाकलाय हे माणसाला इतक्या उशिरा कळावं, आणि तेही गुलाबी रंगातून.

तिने पहिल्या तेलाची पितळी वाटी भरली, वर फडकं बांधलं आणि ती गाडीत चढली. गिरणीचा रिवाज असा होता की हंगामाच्या सुरुवातीला मालक मळ्यात सगळ्यांना भरीत खाऊ घालायचा, आणि त्या भरितावर नव्या हंगामाचं पहिलं तेल पडायचं. तेल पडण्याआधी मालक विचारायचा, तेल कसं? पूर्वी घाणीवरचा म्हातारा निंबा बोट बुडवून चाखायचा आणि सांगायचा; सुनंदा आल्यापासून नाना तिला विचारत. ती 'चांगलं आहे' म्हणायची, तेल पडायचं, सगळे जेवायचे. आणि जो ते भरीत खाई त्याने हंगामाला होकार दिला असं धरलं जाई; मग तो हंगाम संपेपर्यंत काम सोडत नसे, काही झालं तरी. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण आजवर कोणी मोडलंही नव्हतं. म्हणजे आज दुपारनंतर बोलण्याला काही अर्थ उरणार नव्हता.

गाडी नशिराबादच्या रस्त्याला लागली. वाटी मांडीवर धरून बसलेल्या सुनंदाला आपला हात ओळखीचा वाटला. धुळ्याला घरी, ती सात-आठ वर्षांची असताना, आई तिला विरजण मागायला शेजारी भिकुबाईकडे पाठवायची. ती रिकामी वाटी घेऊन दारात उभी राहायची आणि बोलायची नाही. वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. पुड्या अशा बांधायचे की चारही कोपरे नेमके जुळायचे. आणि घरात त्यांचं एकच वाक्य होतं, मागितलेलं गोड लागत नाही. डॉक्टर त्यांना देणं विसरले तर ते आठवण करून द्यायचे नाहीत, एवढंच की त्या महिन्यात पुड्या आणखी नेमक्या बांधायचे. त्या सवयीला ती संस्कार समजत आली होती. भिकुबाई चुलीपुढून उठायची नाही. "काय पाह्यजे माय?" सुनंदा वाटी जरा पुढे करायची. "वाटी बोलस का वं?" भिकुबाई म्हणायची. "वाटीले तोंड शे, पन जीभ नही ना! तुले शे ना? मंग बोल!" आणि खदखदून हसायची, आणि तरी विरजण द्यायची, वर गुळाचा खडा. सुनंदाला तो खडा अजून जिभेवर आठवला. न मागता मिळालेला. तो गोड होता हे खरं. पण विरजण मागूनही गोडच लागलं असतं, हे तिने कधी तपासून पाहिलं नव्हतं. सायन्स शिकलेल्या बाईने एवढा साधा प्रयोग करायचा राहून गेला होता.

"झुंबरबाई," ती म्हणाली. गाडीत सहा-सात जणी दाटीने बसल्या होत्या. मध्ये तव्यांची चळत, भाकरीच्या पिठाचं गाठोडं. "मी नानांशी बोललेले नाही."

"काय?"

"पगाराचं. एकदाही नाही. मी आत जाते, बोलायचं ठरवून जाते, आणि नाना केळी देतात, आणि मी परत येते."

मग झुंबरबाई म्हणाली, "म्हनजे पोळ्यापासून निस्ती केळीच?"

"केळीच."

आधी सितारा हसली. तोंडावर ओढणी दाबून ती हसू आवरायला गेली आणि ते नाकातून निघालं. मग कोपऱ्यातली कोणीतरी, मग सगळ्याच. "या अल्ला, आणि मी घरी सांगितलं, बाई लढतेय म्हणून!" सितारा डोळे पुसत म्हणाली. "अम्मीने दुवा मागितली तुमच्यासाठी!" "केळी लागली ती दुवा," दुसरी म्हणाली. "माह्या नवऱ्याचं बी असंच हाये," झुंबरबाई म्हणाली, "उधारी मागाले जातो आन् चिलीम वढून येतो." गाडीवान मगनने वळून विचारलं काय झालं, तर कोणालाच सांगता येईना. सुनंदाला वाटलं होतं त्या गप्प होतील, तोंड फिरवतील. त्यासाठी ती तयार होती. यासाठी नव्हती. तिलाही हसू फुटलं, पोटातून, कॉलेजातल्या त्या दिवसासारखं, आणि वाटीतलं तेल फडक्याला लागून फडकं पिवळं झालं.

हसू ओसरल्यावर झुंबरबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. निवडून निवडून त्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. "तुमाले बी भेटला नाही पगार?"

"नाही."

"मंग सांगितलं काहून नाही? आम्ही म्हनत होतो, बाईचं बरं हाये, बाईले केळी बी भेटता."

सुनंदाने त्यांना कायद्याचं सांगितलं. साध्या शब्दांत, जसं ती शाळेतल्या मुलींना एखादा नियम समजावून देईल तसं. सगळ्यांनी मिळून एक अर्ज. पगार मिळेपर्यंत काम बंद. यात आपलं काम जाऊ शकतं, तिचंही, हेही सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय गणित अपुरं राहिलं असतं. "अंगठा लावाल?"

"अंगठा कायचा, दोन्ही हात लावतो," झुंबरबाई म्हणाली. "पन नानाले कोन सांगीन? मी सांगितलं त ते मले माह्या पोरीचं लगीन इचारतीन आन् मी रडत परत यीन." सितारा म्हणाली, "बाई, तुम्ही फक्त बोला. हम पीछेच बैठे हैं ना. आणि केळी दिली तर आमच्याकडे फेका."

मळ्यात कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ पेटला होता. हिरवी, लांब देठांची वांगी त्यात घालून पोरं उलथीपालथी करत होती. साल काळी पडून फुटायची आणि आतून वाफेची शीळ यायची. धुराला गोडसर, जळक्या कापसाचा वास होता. सोललेली वांगी लाकडी बडगीत पडत होती, वरून भाजलेली मिरची, लसूण, दाणे, आणि दोन बाया आळीपाळीने मुसळीने ठेचत होत्या, एकीचा हात वर तर दुसरीचा खाली. तव्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी फुगत होत्या. पलीकडे केळीची बाग, तिची मोठी फाटकी पानं उन्हात चमकत होती, आणि सुनंदाला त्या बागेचाही राग येईना. ऊन पाठीवर होतं. पायाखाली काळी माती मऊ होती. घाणीवरचे पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, म्हातारा निंबा नवं धोतर नेसून मध्ये. सगळं इतकं सुंदर होतं की ते मोडायला आपण निघालो आहोत असं तिला क्षणभर वाटलं, आणि लगेच कळलं की तसं नाही. उलट, एवढ्या चांगल्या माणसांना आपण एवढे दिवस अर्धंच तोंड दाखवत आलो. काळजात धडधड होत होती, पण ती भीतीची नव्हती, किंवा नुसती भीतीची नव्हती. परीक्षेच्या आधी प्रश्नपत्रिका उलटी ठेवलेली असते आणि आपल्याला सगळं येत असतं, तशी. टेबल जाईल. खिडकी जाईल. जाऊ दे. खिडक्या पुष्कळ असतात, पूर्वेलाच उघडायला हवी असं काही नाही. नाही, तसंही नाही. ती गेली तर वाईट वाटेल, फार वाईट वाटेल. पण वाईट वाटणं हे मोजता येण्यासारखं होतं. न बोलणं मोजता आलं नव्हतं.

पत्रावळी मांडल्या गेल्या. बडगीतलं भरीत मोठ्या परातीत काढलं, कांद्याची पात त्यावर पसरली. नाना आले, डोक्याला रेशमी फेटा, हसतमुख, एकाच्या पाठीवर थाप, दुसऱ्याला "काय रे, वाळला रे तू", तिसऱ्याच्या पोराचा गालगुच्चा. मग ते परातीपाशी उभे राहिले आणि सगळे त्यांच्याकडे वळले. कोणी भाकरी मोडली नव्हती.

"हं, बाई," नाना मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, "या, पुढे या. काय म्हणतं आमचं सायन्स? तेल कसं?"

सुनंदा पुढे झाली. तिने वाटीवरचं फडकं सोडलं. तेलात आभाळ दिसत होतं, आणि आभाळात तिची हनुवटी. ती वाटी घेऊन उभी होती, जशी भिकुबाईच्या दारात उभी राहायची तशीच, आणि नानांनी हात पुढे केला, कारण वाटी पुढे आली की तिला काय हवं ते सगळ्यांनाच आपोआप कळत आलं होतं. वाटी बोलस का वं? मागे सिताराच्या बांगड्या किणकिणल्या. झुंबरबाईने खाकरल्यासारखं केलं. सुनंदाने वाटी हातातच ठेवली. तिचा आवाज निघाला तेव्हा तो तिला वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ साधा होता, रोजचा, आधीच्या सगळ्या शब्दांसारखाच एक.

"तेल फार चांगलं आहे, नाना. इतकं चांगलं आपल्या गिरणीत मी पाहिलेलं नाही, आणि ते या बायांनी वेचलेल्या दाण्यांमुळे आहे. पण ही वाटी मी आज देणार नाही. आमचे सगळ्यांचे पोळ्यापासूनचे पगार मिळेपर्यंत मी तेल तपासणार नाही, या दाणे निवडणार नाहीत, आणि उद्या आम्ही सगळ्याजणी मिळून सरकारात अर्ज करणार आहोत."